आहे आणि हवं

तळलेल्या पुरीचा पुन्हा पिठाचा गोळा होत नाही. घरी गिटार रेकॉर्ड करायला शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

इलेक्ट्रिक गिटारमधून निघालेल्या वायरीला मी लगेच दोन फाटे फोडते. एक फाटा सरळ कॉम्प्युटरमध्ये जातो. तो कच्चा आवाज. कोरडा, बारीक, डब्यात टाचणी पडावी तसा. दुसरा फाटा यंत्रांतून फिरून येतो, वाटेत घुमतो, गोड होतो, मोठा होतो, आणि वाजवणाऱ्याच्या कानात शिरतो. वाजवणारा खूश होतो तो या दुसऱ्यावर. कच्चा कोणी ऐकत नाही. पण साठवायचे मात्र दोन्ही. उद्या चव बदलावीशी वाटली तर पिठाचा गोळा शिल्लक हवा.

ही सवय मला कॉलेजात असताना लागली आणि तेव्हापासून घरात जे काही वाजलं त्याचा कच्चा ट्रॅक माझ्याकडे आहे. त्यात सगळ्यांत जास्त पप्पा आहेत.

पप्पा, म्हणजे ग्रेगरी तुस्कानो, वीजमंडळात लाइनमन होते. वसईच्या पश्चिमेला आमच्या वाडीत ते खांबावर चढलेले असले की खालून मुलं ओरडायची, "अंकल, वर गिटार देऊ का?" कारण उरलेल्या वेळात ते गिटारच वाजवायचे. चर्चच्या गायनमंडळात आणि मे महिन्यात वाडीतल्या क्रुसाच्या सणाला. सणाच्या संध्याकाळी क्रुसासमोर प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात, आणि शेवटी मम्मी मारियामातेचं एक संथ गीत गाते. साथीला पप्पा. माझ्या आठवणीत हे एकदाही चुकलेलं नाही.

एका वर्षी नाताळाआधी पप्पांना झटका आला. लहानसा, डॉक्टरांच्या भाषेत. पाय सावरला, बोलणं सावरलं. डाव्या हाताची दोन बोटं मात्र मागे राहिली. गिटारवर डावा हात तारा दाबतो. अनामिका वेळेवर पोचेना, आणि पोचली तर दाबेना. तार नुसती भरभरायची, स्वर न धरता थरथरत राहायची. पप्पांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी गिटार कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली, तोंड भिंतीकडे करून.

"काढू का खाली?" मी विचारायची.

"राहू दे. तिथे धूळ कमी बसते," ते म्हणायचे. आमच्या घरात सगळ्यांत जास्त धूळ तिथेच बसते.

मी तेव्हा माझ्या तान्ह्या लेकीला, झियाला घेऊन माहेरीच होते. नवरा, मेल्विन, बोटीवर नोकरीला होता. झिया दुपारी झोपली की मला जो तास-दीड तास मिळायचा त्यात मी लोकांची रेकॉर्डिंगं साफ करून द्यायची. त्याच कामासाठी मी प्रतिहस्त विकत घेतलं होतं.

प्रतिहस्त आता घरोघरी झालंय. लग्नाच्या बँडमधले निम्मे लोक ते लावूनच वाजवतात आणि कोणी काही विचारत नाही. तेव्हा ते नवीन होतं. पुस्तकाएवढा काळा डबा. मागे दोन खाचा. एका खाचेतून त्याला एखाद्या हाताचं आत्ताचं वाजवणं ऐकवायचं, दुसरीतून हवंसं वाजवणं. दोन्हींमधलं अंतर तो शिकतो. मग पुढच्या खाचेत गिटार लावून तुम्ही वाजवा, तो ते अंतर कापून तुम्हाला पलीकडे नेऊन ठेवतो. त्याला कच्चाच आवाज लागतो, कारण बोटांची खरी हालचाल कच्च्यातच असते. घुमवलेल्या आवाजात ती बुडून जाते.

माझ्या मनात आलं, एकाच माणसाचे दोन हात ऐकवले तर? आजचे पप्पा, त्या दोन दिवसांच्या प्रयत्नांतले, आणि माझ्याकडे साठवलेले जुने पप्पा?

मागच्या दोन वायरींवर मी कागदी पट्ट्या चिकटवल्या. एकीवर लिहिलं 'आहे', दुसरीवर 'हवं'. मग गिटार खाली काढली.

"एकदाच," मी म्हटलं. "माझ्या कामाला टेस्टिंग हवंय."

"तुझ्या मम्मीसारखी खोटं बोलतेस," पप्पा म्हणाले. "तोंड दुसरीकडे करून."

पण हेडफोन लावला त्यांनी. वाजवायला लागले. इलेक्ट्रिक गिटार नुसती ऐकली तर खोलीत जेमतेम खसखस ऐकू येते. समोर बसलेल्या मला तेवढंच कळत होतं, भरभर, खरखर, मधेच काही नाही. पप्पांच्या कानात मात्र दुसरंच चाललं होतं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. आधी कपाळाला आठी, मग आठी सुटली, मग ते डाव्या हाताकडे असे पाहायला लागले, जसा काही तो कोणा पाहुण्याचा हात आहे.

"रोवी," ते म्हणाले, "बोट पोचायच्या आधी स्वर येतोय गं."

येणारच होता. बोट तारेवरून सरकताना बारीक कुई असा आवाज होतो. कच्च्यात तो स्पष्ट असतो. त्यावरून डबा ओळखायचा की हात कुठल्या स्वराकडे निघालाय, आणि हात वाटेत असतानाच स्वर वाजवून मोकळा व्हायचा. भरभरणाऱ्या तारेच्या जागी तो जुन्या पप्पांची भरीव तार ठेवायचा. पप्पांनी त्या दुपारी झिया उठून रडायला लागेपर्यंत वाजवलं. गिटार पुन्हा कपाटावर गेली नाही, खुर्चीला टेकून राहिली.

रोज वाजवणं सुरू झालं. क्रुसाच्या सणाला आपणच वाजवणार, असं त्यांनी वाडीत सांगूनही टाकलं.

अडली ती मम्मी. सेलिन टीचर. शाळेतून निवृत्त झाली तरी वाडी तिला टीचरच म्हणते. मी पप्पांचा तयार आवाज स्पीकरवर सोडला, तिने दोन ओळी म्हटल्या आणि थांबली.

"काय झालं?" पप्पांनी हेडफोन बाजूला केला.

"काही नाही. घसा."

स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "हा ग्रेग नाही."

"मम्मी, त्यांचंच वाजवणं आहे ते. मागच्या वर्षांचं."

"असेल. पण ग्रेग माझा श्वास ऐकायचा. दुसऱ्या ओळीनंतर मला दम घ्यायला लागतो, माहीत आहे ना? तिथे तो थांबायचा. इतकी वर्षं थांबलाय. कोणाला कळायचंही नाही. तुझा डबा थांबत नाही. मी दम घेते आणि तो पुढे गेलेला असतो." तिने कांदा चिरायला घेतला. "आणि त्याला सांगू नकोस. किती दिवसांनी जेवताना बोलतोय तो."

मी सांगितलं नाही. पण कुतूहल वाईट असतं. माझ्याकडे दोन्ही ट्रॅक होते, पप्पांच्या हाताचा कच्चा आणि डब्याने दिलेला. आमच्या धंद्यात दोन आवाजांमधला फरक ऐकायची एक जुनी युक्ती आहे. आवाज म्हणजे लाट. एका लाटेला उलटी करायची, उंचवट्याच्या जागी खड्डा, आणि दुसरीत मिसळायची. दोन्हींत जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतं फक्त वेगळं. मी त्याला वजाबाकी म्हणते. पप्पांच्या वजाबाकीत उरणार होतं ते डब्याने पदरचं घातलेलं.

सुरुवातीच्या आठवड्यांत उरलेलं कमी कमी होत गेलं. हात सुधारत होता. मी मनात नाचले. मग ते वाढायला लागलं. आणखी वाढलं. एके दिवशी मी नुसतं उरलेलंच ऐकलं, तर त्यात जवळजवळ अख्खं गाणं होतं. कच्च्या ट्रॅकवर काय उरलं होतं मग? बोटांची सरपटण्याची कुई. पप्पा आता तार दाबतच नव्हते. नुसते शिवत होते. बाकीचं आपोआप होतंय हे त्यांच्या हाताने ओळखलं होतं, पप्पांना न विचारता.

त्याच सुमारास मम्मीने माळ्यावरून माझा लाकडी पांगुळगाडा काढला, झियासाठी. व्हिडिओ कॉलवर झियाच्या डॉक्टरीणबाई तो पाहून हसल्या.

"खेळायला द्या हवं तर. पण सवय नको. धरायला आहे म्हटल्यावर पोर तोल कशाला सांभाळेल?"

"आमची ही त्यातूनच चालायला लागली," मम्मी म्हणाली.

"गाड्यामुळे की गाडा असूनही, ते आता कसं सांगणार, आजी?"

माझ्या डोळ्यांपुढे झिया नव्हती.

पण करायचं काय? डबा काढून घेतला तर गिटार कपाटावर जाणार. ठेवला तर बोटं जाणार. सण तीन-चार आठवड्यांवर आला होता.

मग झियाने वायरी उपटल्या. रांगत टेबलाखाली गेली, डब्यामागच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या, आणि त्यांच्यावरच्या कागदी पट्ट्या तोंडात घातल्या. मी एक पट्टी तिच्या गालातून बोटाने काढली, दुसरी तिने गिळलीच असावी. वायरी परत खोचल्या. डब्याने नेहमीसारखा दिवा लुकलुकवत दोन्ही हातांचा धडा ताजा करून घेतला, पप्पा वाजवायला बसले, आणि मी झियाला खिमट भरवायला गेले.

त्या दुपारी ते खूप वेळ वाजवत होते. मधेच टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा खरखर. बाहेर आले तेव्हा बनियन घामाने चिकटलेलं होतं.

"पाणी दे," म्हणाले. "आज नीट झालं नाही." आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

झियाला मम्मीकडे देऊन मी ट्रॅक उघडले. कच्चा ऐकला आणि पुन्हा ऐकला. तार वाजत होती. खरी तार, बोटाखाली दाबलेली. सुरुवातीला भरभर होती, मग कमी, आणि शेवटी शेवटी तर अनामिकेने असा एक स्वर धरला होता, जो झटक्यानंतर मी ऐकलाच नव्हता. तयार ट्रॅक लावला, तर तो भयंकर. सगळे स्वर कच्च्यापेक्षाही उशिरा, कच्च्यापेक्षाही भरभरलेले.

मी टेबलाखाली शिरले. वायरी उलट्या लागल्या होत्या. 'हवं'च्या खाचेत 'आहे', 'आहे'च्या खाचेत 'हवं'. डबा बिचारा इमानी. चांगल्या हातापासून आजारी हातापर्यंतची वाट त्याने शिकून घेतली होती, आणि आजारी हाताला त्याच वाटेने आणखी तेवढाच पुढे ढकलला होता. चूक दुप्पट करून पप्पांच्या कानात घातली होती. आणि हाताने काय केलं? दुप्पट जोर लावला.

तसंच ठेवून मी स्वतः वाजवून पाहिलं. चार ओळी वाजवल्या नसतील, माझी धडधाकट अनामिका लुळी ऐकू यायला लागली. बोट आपोआप घट्ट झालं, आधीच निघायला लागलं. ते मी करत नव्हते. कानाने हाताला परस्पर निरोप पाठवला होता. मग मला कळलं, पप्पा गेले तीन-चार महिने काय ऐकत होते आणि काय ऐकायचं टाळत होते.

"सांगू नकोस," उलट्या वायरींचं ऐकून मम्मी आधी म्हणाली. आम्ही मागच्या पडवीत झियाचे कपडे वाळत घालत होतो. "असंच राहू दे. हात सुधारतोय ना?"

"आणि त्यांना वाटत राहील की आपण बिघडतोय?"

तिने एक झबलं दोनदा झटकलं. "सांगितलंस तर गिटार वर जाईल."

"हो."

तिने झबलं दोरीवर टाकून चिमटा लावला. मग म्हणाली, "मुलांच्या पेपरात मी कधी परस्पर मार्क वाढवले नाहीत. कमी पण नाही केले. सांग त्याला."

सकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगितलं. डब्याने आधी काय केलं, वजाबाकीत काय उरलं, काल वायरी कशा उलट्या झाल्या. पप्पांनी बशी खाली ठेवली.

"वायर?" ते म्हणाले. "वायर उलटी होती?"

"हो पप्पा."

"मला काल वाटलं, दुसरा झटका येतोय." आवाज अगदी हळू होता. "म्हणून थांबलो नाही. म्हटलं, जेवढा हात उरलाय तेवढ्यात एकदा ते गीत नीट वाजवून घेऊ."

मम्मी झियाला घेऊन उभी होती, ती तशीच खाली बसली. पप्पा उठले, आत गेले. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. गिटार कपाटावर गेली.

ती दोन दिवस तिथेच होती. पप्पा बागेत केळींना पाणी देत राहिले. कोणाशी बोलले नाहीत, झिया सोडून. तिसऱ्या दुपारी ती झोपली आणि ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ते कच्चं की काय, तुझं. त्या दिवशीचं. ऐकव."

"तसं ते चांगलं लागत नाही पप्पा. काहीच घातलेलं नसतं त्यात."

"म्हणूनच."

त्यांनी तो कोरडा, टाचणीसारखा आवाज डोळे मिटून ऐकला. तारेची भरभर ऐकली, चुका ऐकल्या. शेवटचा तो धरलेला स्वर आला तेव्हा उजव्या हाताने डाव्याची अनामिका पकडली.

"हा मी?"

"तुम्हीच."

"डबा नाही?"

"डबा नाही, घुमारा नाही, काही नाही."

त्यांनी बोट सोडलं. मग म्हणाले, "आयुष्यभर खांबावर लोकांच्या तारा जोडल्या, कधी उलटी जोडणी केली नाही. आणि पोटची पोरगी!" मला हसू फुटलं आणि रडूही. "दे. लाव उलटी. पण दार बंद कर, तुझ्या मम्मीने शिव्या ऐकायला नकोत."

शिव्या मम्मीला ऐकू यायच्याच. डब्याला त्यांनी पिटर नाव ठेवलं होतं. पिटर नावाचा त्यांचा एक साहेब होता, केलेल्या कामात नेहमी खोट काढणारा. "बघ पिटर, बघ, हे तरी दिसतंय का तुला?" असं दाराआडून ऐकू यायचं. मी रोज उलटेपणा थोडा कमी करत गेले, त्यांना सांगून. वजाबाकी रोज बारीक होत होती. पप्पांच्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पोरीला मी हे लिहून कळवलं, तर तिने उलट मलाच प्रश्नांची माळ पाठवली. चूक मोठी करून दाखवायची ही कल्पना जुनीच आहे म्हणे, पण कानातून इतकी बारीक कोणी केली नव्हती. पुढे तिने ते आणखी काही लोकांवर करून पाहिलं. सगळ्यांना चालत नाही. एका बाईंनी पहिल्याच दिवशी हेडफोन फेकला.

सणाच्या संध्याकाळी क्रुसाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. चण्यांची पातेली आली. वाडीतली माणसं चटयांवर बसली. मी स्पीकरशी होते, आणि माझ्या पिशवीत पिटर होता, सुलट लावलेला. पप्पांना मी सांगून ठेवलं होतं, अडलंच तर माझ्याकडे बघा, मी कळ दाबेन, कोणाला कळणारही नाही. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही पण म्हटलं नव्हतं. गिटारच्या वायरीचा एक फाटा सरळ स्पीकरला गेला होता, दुसरा पिटरला, कळ दाबेपर्यंत मुका.

प्रार्थना संपली. मम्मी उभी राहिली, पप्पा खुर्चीवर. पहिली ओळ गेली. कच्चा आवाज उघड्यावर आणखीनच बारीक लागत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "अंकलचा आवाज वाढवा." दुसरी ओळ. मम्मीने दम घेतला, आणि पप्पा थांबले, पूर्वीसारखे.

पण तिसऱ्या ओळीत ती अवघड जागा होती, जिथे अनामिकेला लांब जावं लागतं. मी बोट निघालेलं पाहिलं. ते उशिरा निघालं होतं. माझा अंगठा बटणावर होता. मी पप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. हाताकडेही बघत नव्हते. ते मम्मीकडे बघत होते.

मम्मीने स्वर सोडला नाही. शब्द संपला होता, तरी तिने शेवटचा 'आ' धरून ठेवला, लांबवला, जरासा वर नेला, जशी काही ती जागा मुळातच तेवढी लांब होती. बोट पोचलं. तार वाजली. मग ती पुढच्या शब्दावर गेली.

मी पिशवी बंद केली.

दुसऱ्या दिवशी झिया पांगुळगाड्यात आपली बाहुली बसवून अंगणभर तो ढकलत होती, आणि मी आदल्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग उघडलं. दोन ट्रॅक, मम्मीचा आवाज आणि पप्पांची कच्ची गिटार. हात सवयीने त्या तिसऱ्या ओळीपाशी गेला. उशिरा आलेला स्वर चिमटीत धरून थोडा मागे सरकवायचा, हे माझं रोजचं काम. पडद्यावर मी तो स्वर मोठा करून पाहिला. वर मम्मीच्या शब्दाची सुरुवात होती, खाली तारेची. दोन्ही बरोबर एकाखाली एक.

सरकवायला काहीच नव्हतं.